जेद्दा ते मुंबई, अडीच तास मिळवून

८ नोव्हेंबर
अम्मी मक्केला उमरा करून गुरुवारी परत येणार. आणायला मीच जाणार. अंथुर्ण्यात इंटरनॅशनल गोष्टी कळणारं दुसरं आहे कोण? जेद्दा ते मुंबई साडेतीन हजार किलोमीटर. पाठ आहे.
उमऱ्याहून आलेल्या माणसानं घराचा उंबरा ओलांडण्याआधी केलेली दुआ कबूल होते म्हणतात. माझ्या नव्या 'बादशाह टूर्स'साठी करून घ्यायची. बारामतीत व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

९ नोव्हेंबर, दुपार
तिकीट नीट बघितलं. जेद्दा २.००, मुंबई ९.३०. म्हणजे साडेसात तास! आपल्या एसटीसारखं मध्ये कुठंतरी चहाला थांबत असणार. त्यात तिकीट सौदीहून, म्हणजे वेळही सौदीची. आपण अडीच तास पुढं. म्हणजे बरोबर बारा. लोक इथंच फसतात.
शमशादला समजावलं. तिचं म्हणणं, तिकिटावर साडेनऊ हाय तर साडेनऊलाच यील की. बायकोशी वाद घालत नाही.

११ नोव्हेंबर
कार्डं आली. झकास. शेजारचे संभाजीतात्या जीप देतो म्हणाले, वर सल्ला, आदल्या रात्रीच निघा. सगळ्यांना नुसती घाई.
अम्मीला फोनवर बजावलं, मी दुआ मागेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.
संकल्प: गाडी चालवताना अनोळखी नंबर उचलायचा नाही. हल्ली फ्रॉड फार.

१३ नोव्हेंबर, सकाळी सहा
निघालो. हार घेतला. कार्डं खिशात.

सव्वाअकरा, पनवेल
चहाला थांबलो. अनोळखी नंबरवरून सात कॉल. एकही उचलला नाही. संकल्प पाळायला मन घट्ट लागतं.

दुपार, एअरपोर्ट
बोर्डावर जेद्दाचं विमान नाही. लेट असणार. तासभर थांबून काउंटरवरच्या मुलीला विचारलं. म्हणाली, साडेनऊलाच उतरलं. तिला अडीच तासांचा हिशेब समजावला. ती हसली नाही, हे विशेष. म्हणाली, निघायची वेळ तिथली असते काका, पोचायची इथली.
मग त्या नंबरवर फोन लावला. तो अम्मीच्या ग्रुपमधल्या वालचंदनगरच्या लोकांचा निघाला. तुमची अम्मी बॅगेवर बसून व्हती, म्हणाले, तुमी फोन उचलंना, मग आमीच गाडीत घेतली. आता लोणावळ्याच्या पुढं हाय.
हार काउंटरवरच विसरला. परत आणायला गेलो नाही.

१४ नोव्हेंबर
काल घरी पोचायला आठ वाजले. अम्मी पाचलाच आली होती. पण ओट्यावर सतरंजी टाकून बसलेली. संध्याकाळची मगरीबची नमाजही तिथंच पढली. गल्लीतले सगळे येऊन, दुआ मागून, खजूर खाऊन गेले. शमशाद सांगत होती, मी कितीदा म्हणले अम्मी आत चला, तर म्हणत्यात, बादशाला दुआ मागायची हाय, त्यो आल्याबिगर उंबरा वलांडायची न्हाय.
मी समोर उभा राहिलो. अम्मी म्हणाली, माग की रं, काय मागायचंय.
खिशातली कार्डं टोचत होती. लाज वाटली. तात्या बघत होते म्हणून नव्हे, खरीच वाटली. म्हणालो, अम्मी, आधी आत चल.
उठताना तिचा गुडघा सरळ होईना. धरून नेलं. उंबऱ्यात थांबून तिनं विचारलं, मला हुडकत तितं लई येळ थांबावं लागलं का रं तुला?
दुआ मागायची राहिली.