सुन-रेचा प्याला कोणी भरायचा

१४ नोव्हेंबर २००९. सकाळपासून बर्फ पडत आहे. बाजारातून मासे आणि नाशपाती आणली. आज माझी पत्नी नो सुन-रे हिचे वर्षश्राद्ध आहे.

मी, प्यो चांग-सिक, वय एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार स्कोकी, इलिनॉय, शुद्धीत राहून, कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. माझे आधीचे मृत्युपत्र सुन-रेच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक सुन-रेची भाची मीना नो हिला. घर सुन-रेच्या कमाईचे आहे. ती कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देत असे. सल्लागार कंपनीने पदवी असूनही तिला आधी टायपिंगला बसवले होते. आयोवातला बुडता बिस्किट कारखाना कोणालाच नको होता, म्हणून तो तिच्याकडे आला. हिशेब उघडण्याआधी ती कामगारांबरोबर बसून जेवायची. कारखाना आजही चालू आहे. त्याच कंपनीत भागीदार झालेली पहिली आशियाई स्त्री तीच. मीना आता तेच काम करते.

२. भागीदार झाल्यावर सुन-रेला मिळालेली चामड्याची खुर्ची तिचे थोरले भाऊ, मीनाचे वडील, माझे मेहुणे नो दोंग-हो यांना. त्याच आठवड्यात सासऱ्यांचे श्राद्ध होते. आम्हा कोरियन लोकांत पितरांपुढचा मद्याचा प्याला पुरुष भरतात. सुन-रेने विचारले, "दादा, यंदा एक प्याला मी भरू?"

"तू दिलेली मुलगी. जगाला धंदा शिकवतेस, नवऱ्याला भात तरी रांधून घालतेस का?"

"तो माझ्याहून चांगला रांधतो. ज्याला जे जमतं ते त्याने करावं, एवढाच सल्ला मी विकते, दादा."

सगळे हसले. प्याला मेहुण्यांनीच भरला. ती संध्याकाळभर स्वयंपाकघरात उभी राहून धिरडी तळत होती. खुर्चीचा मेहुण्यांनी राग मानू नये. त्यांचे गुडघे दुखतात.

३. विधीची पितळी भांडी सासूबाईंनी सुन-रेला दिली होती. मेहुणे ती परत मागतात. तीही मीनालाच. आम्हाला मूल नाही. माझ्यानंतर सुन-रेसाठी प्याला भरणारे कोणी नाही. मेहुणे फोनवर म्हणाले, "दिलेल्या मुलीचं आमच्याकडे करत नाहीत, जावईबापू."

मीना आज कामासाठी क्लीव्हलँडला आहे. परवा म्हणाली, "आतोबा, पुढे मी भरेन. फक्त बाबांना सांगू नका."

मीना, हे त्यांच्यासमोरच वाचले जाईल. घराला कसलीही अट नाही, घर तुझेच आहे. विनंती एवढीच, की प्याला लपून भरू नकोस.

विधीच्या पदार्थांत तिखट घालत नाहीत. सुन-रेला तिखटाशिवाय घास उतरत नसे. तिखटाची एक वाटी बाजूला ठेवावी.

वरील मजकूर मी वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

प्यो चांग-सिक
साक्षीदार: ओ ब्यंग-मो, शेजारी
साक्षीदार: डोलोरेस झिएलिन्स्की, शेजारीण
स्कोकी, वरील तारीख

साक्षीदार चहा पिऊन गेले. श्राद्धाला सुन-रेला आत येता यावे म्हणून दार थोडे उघडे ठेवले आहे. उंबऱ्यावर बर्फ साचतो आहे. आता तांदूळ धुतो.