बारा धोंडे आणि माझा कान

सोमवार, १२ जानेवारी

लान, लान, लान! दिवसभर तेच. वेल्स म्हणून जो मुलूख आहे तिथली निम्मी गावं 'लान'नेच सुरू होतात. लान म्हणजे देवळाभोवतीचं आवार, त्यावरून गावाचं नाव. आपल्याकडे जिकडेतिकडे पाडा, तसंच.

इंग्लंड-वेल्समधल्या जुन्या गावांचं आणि चर्चांचं हे जाडजूड पुस्तक. छापील पानं कॉम्प्युटरने वाचताना केलेल्या चुका आम्ही शहापूरच्या ऑफिसात बसून काढायच्या. संगीता मॅडम म्हणाल्या, "रविना, वैतागू नकोस, अजून दोनशे पानं आहेत." वैतागले नाहीये. मजा येतेय, पण त्यांना कशाला सांगू?

बुधवार, १४ जानेवारी

चर्चच्या मनोऱ्याला तडा गेला, तर कुठल्या साली गेला, दगड कुठून आणला, गवंडी कोण — सगळं लिहिलेलं. आमच्या पाड्याबद्दल कुठे एक ओळ नाही. घरी बापाला सांगितलं. म्हणाला, "लिवायला आपल्यात शिकलं व्हतं कोण?"

शनिवार, १७ जानेवारी

पाड्यावर सभा झाली. ६ फेब्रुवारीला जंगलाच्या सामूहिक हक्काची मोजणी. आमचं जंगल कुठून कुठवर ते आम्हीच चालून दाखवायचं, सरकारी साहेब यंत्रावर खुणा घेणार. दाखवलं ते आपलं, राहिलं ते गेलं. वरचा पाणवठा आणि मोहाची सगळी झाडं अगदी कडेला आहेत. एक धोंडा चुकला तरी ती बाहेर.

शिवेचे धोंडे बारा, हे सगळ्यांना माहीत. कुठे आहेत, हे एकट्या जैतूआजाला. पाड्यात सगळ्यात म्हातारा तोच. पायाने चालवत नाही, म्हणून कमळूकाका म्हणाला, "नुस्तं तोंडानं सांग, आमी हुडकू." तर आजा म्हणतो, "आता नाय याद ऱ्हात."

मला त्याची कीव आली नाही, खरं सांगते. लहानपणी शेळ्यांमागे मला न्यायचा आणि मधेच थांबून, काही कारण नसताना, माझा कान पिळायचा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत! खडूस म्हातारा.

गुरुवार, २२ जानेवारी

आज ऑफिसात मी एकटीच मोठ्याने हसले. सगळे बघायला लागले.

पान ३१२. तिकडे एका चर्चखालच्या गावाला पॅरिश म्हणतात. नकाशे नव्हते तेव्हा वर्षातून एकदा सगळी पॅरिश शिवेवरून फिरायची आणि पोरांना बरोबर न्यायची. प्रत्येक दगडाशी पोराला आपटायचे, नाहीतर छडी मारायचे. का, तर दुखलेली जागा माणूस म्हातारपणापर्यंत विसरत नाही!

हसून झालं आणि कान गरम झाला. उजवा. आजा उजवाच पिळायचा.

रविवार, २५ जानेवारी

हिरीवहिनीला घेऊन वर जंगलात गेले. तिला आधी खरंच वाटेना. "कान धोंडं सांगतोय व्हय गो?" पण सांगतो! ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडाखाली तोंडातला आवळा पडला होता — तिथे धोंडा. सागाच्या वळणावर मी आजाच्या हाताला चावले होते — तिथे धोंडा. दिवसभरात सात. हिरीवहिनी वाटेत म्हणाली, "लई रडकी व्हतीस मग तू." असेन.

रविवार, १ फेब्रुवारी

अकरा. बारावा सापडत नाही. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला हवा, एवढं कळतं. पण तिथे कान पिळल्याचं आठवतच नाही. आजाला जाऊन विचारलं. "नाय याद," म्हणाला आणि तोंड फिरवून तंबाखू मळत बसला.

आणि राहिला तो नेमका पाणवठ्याचाच. पाणवठा गेला तर उन्हाळ्यात आमच्या बायांनी जायचं कुठे? जीव थाऱ्यावर नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पाड्यातल्या भरतला आणि त्याच्या दोस्तांना काय म्हणावं! मदत म्हणून आज दिवसभर फिरून दिसेल त्या मोठ्या धोंड्याला चुना फासून आलेत. एकोणतीस! त्यात यमूकाकीचा धुणं धुवायचा धोंडापण. काकी काठी घेऊन मागे लागली. पाड्यातले सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा. मग आठवलं, उद्या मोजणी आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सापडला!

साहेब पहिल्याच पांढऱ्या धोंड्याशी यंत्र काढायला लागले. म्हटलं, "हा नाही साहेब, तो बिनचुन्याचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कमळूकाकाकडे. काका म्हणाला, "पोरगी सांगते तसं." माझ्यासाठी पाड्यात हे वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं.

अकरा धोंडे बरोबर झाले. पाणवठ्याशी पाय थांबले. मागे चाळीस माणसं. साहेब घड्याळ बघायला लागले. मी मटकन खालीच बसले, आणि गुडघ्यावरचा जुना वण दिसला.

लहानपणी इथेच एकदा आजाचा हात कानाकडे आला तशी मी पळाले होते! करवंदीच्या जाळीत घुसले आणि आपटले. कशावर आपटले, ते कधी बघितलंच नव्हतं.

मागच्या माणसांतल्या देवरामने कोयत्याने जाळी तोडली, माती उकरली. धोंडा होता. वर शेंदराचा जुना डाग. पाणवठा आत, मोह आत. हिरीवहिनी मला धरून रडली आणि मग साहेबांना म्हणाली, "रडकी ही हाय, मी नाय."

शनिवार, ७ फेब्रुवारी

जैतूआजाला सांगायला गेले. एकेक धोंडा सांगत होते, तो मान हलवत होता. सातवा सांगितला — कुंभ्याच्या दोन झाडांमधला.

"दोन नाय, तीन," आजा म्हणाला. "एक वणव्यात जळाला. खोड बघ जा."

मी म्हटलं, "आजा, तुला सगळं याद आहे!"

"मी दाखवला असता तं तुमी इसरून गेला असता, धोंडा माझ्यासंगं गेला असता," म्हणाला. मग हात पुढे केला. "आण कान."

मी आणला. उजवा. पिळला नाही त्याने. नुसता धरून बसला.