आपल्या माळावरचं ऊन

प्रिय नागू,

फोनवर आवाज आवरत नाही, म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे. मी दर रविवारी जळोचीहून माळावर येते, तिला जेवायला घालते. मेंढरांचा वाडा रिकामा पडलाय, तरी ती सकाळी झाडतेच.

तुझे दाजी हल्ली उसाला पाणी कधी सोडायचं ते फोनमधल्या एआयलाच विचारतात. पाणी वाचतं, खोटं कशाला बोलू? मीही शाळेतल्या मुलांसाठी त्याच्याकडं गोष्टी मागते. गेल्या दिवाळीत तूच आबांना समजावलं होतंस, की आपण इथं काही विचारलं की तिकडं तुमच्या डेटा सेंटरमधली यंत्रं तापतात, ती थंड ठेवायला आणखी वीज लागते, आणि यंत्रं तर वाढतच चाललीत. आबा म्हणाले, "येवढी वीज आणायची कुठनं रं?" तू हसून म्हणालास, "आपल्या माळावरनं, आबा. सोलरची." किती खूश झाले होते! माझ्या नागूची मशिनं आमच्या उन्हावर चालणार हायती, असं साऱ्या वस्तीला सांगत फिरले.

मग कुंपण आलं. शेजाऱ्यांचे माळ सोलर कंपनीकडं भाडेपट्ट्यानं गेले आणि आपली चराई, ओढ्याकडं जायची वाट, सगळं तारेच्या आत अडकलं. उन्हाळ्यात आबा मेंढरं घेऊन डांबरी रस्त्यानं लांबच्या तळ्यावर जायला लागले. वय झालं म्हणून मेंढरं विकली, असं तुला सांगितलं होतं ना? तसं नव्हतं रे. एका दुपारी उतारावर भरलेला ट्रक कळपात घुसला. मी पोचले तेव्हा आबा रस्त्यातच बसले होते. मांडीवर एक कोकरू होतं, धुगधुगी असलेलं, आणि ते त्याला ओंजळीनं पाणी पाजत होते. पाणी तोंडातून बाहेर येत होतं, तरी पाजत होते.

उरलेली मेंढरं त्यांनी विकून टाकली. नंतर दिवस दिवस तारेला धरून आत बघत उभे राहायचे. जेवण तुटलं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, ते खरंही असेल. पण जाण्याआधी आबा मला म्हणाले होते, "नागूला ह्यातलं काय बी सांगू नगं. त्येला वाटंल, त्येच्यापायीच झालं." तू मातीला आलास, माझ्या गळ्यात पडून रडलास, तरी मी गप्प राहिले.

आज बोलतेय, कारण काल कंपनीचा माणूस आपल्या उरलेल्या तुकड्याची, घरासकट, संमती मागायला आला होता. कागदावर तुझी सही आधीच होती. आईला तिकडं न्यायचा तुझा विचार असेल, मायेचाच असेल. आई म्हणाली, "नागूनं केलीय व्हय? मग मी बी करते," आणि पेन कुठं टेकवायचं ते त्या माणसाला विचारायला लागली. तिचा चेहरा अगदी आबांसारखा दिसला मला. मी कागद तिच्या हातातून काढून घेतला. मी सही करणार नाही, नागू. तुला काही ठाऊक नव्हतं, म्हणून तुझ्यावर माझा राग नाही. आता ठाऊक झालंय. सही ठेवायची की मागं घ्यायची, ते तू ठरव. पण फोनवर सांगू नकोस. इथं ये, आणि आईच्या समोर बसून सांग.

तुझीच,
वैष्णवीताई