तीन पाण्यांनी धुतलेल्या साली

दि. १२ मार्च

धाकट्यास,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा दुखतोय आणि ती दिवसभर त्याचीच गोष्ट सांगतेय, म्हणजे आई मजेत आहे.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजात आता ‘टाकाऊ फळांपासून मौल्यवान पदार्थ’ शिकवतोस म्हणे. धन्य ती मुलं! इथे रसाच्या कारखान्यात वर्षभर संत्र्यांच्या साली गरम पाण्यात बुचकळत बसलास, तेवढ्या भांडवलावर सर झालास. सालींना तीन तीन आंघोळी! आम्ही बायका पोट धरून हसायचो. एवढे लाड घरच्या माणसांचे होत नाहीत.

तू गेल्यावर सालींचा विभाग माझ्याकडे आला. धुणं मी पहिल्याच दिवशी बंद केलं. थेट सुकवा, दळा, पोत्यात भरा. माल दुप्पट निघाला. मालक इतका खूश की मला फिरती खुर्ची दिली. त्याला पोती दिसतात. आत पीठ आहे की भुसा, ते कळायला डोकं लागतं.

मग आपलं सालींचं पीठ घेणाऱ्या बेकरीवाल्याने सगळी पोती परत पाठवली. सोबत त्या पिठाच्या बिस्किटांचा पुडा. मी एक खाल्लं. कडूजहर! चार वेळा चूळ भरली तरी चव जाईना. धुऊन धुऊन तू तो कडूपणा काढत होतास, हे तेव्हा कळलं. हे तू सांगितलं नव्हतंस. सांगितलंही असशील. बोलताना तू सारखा चष्मा पुसतोस, मला ऐकवतच नाही.

मालकाने शनिवारपासून विभाग बंद करायचं ठरवलं. तिथल्या सहा जणी घरी बसणार.

तुला मालकाने आपण होऊन काढलं नव्हतं. “माझा भाऊ पुस्तकी किडा आहे, कामातलं त्याला ओ की ठो कळत नाही,” असं मीच त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं. ज्याचं नाक मी पुसलं त्याने मला काम शिकवावं, हे मला पचलं नाही. इतकी कोती आहे मी.

आज पुन्हा त्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग तुम्ही कशाला हव्यात?” बिनडोक माणूस जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलला. तू आलास तर विभाग चालू ठेवतो म्हणाला.

त्या सहा जणींसाठी ये. माझं तोंड बघावं लागणार नाही, मी तिथे नसेन.

आजपासून घरीच असणारी,
तुझी ताई