मिठाची होस्ती

मम्मी, सोमवारी सकाळच्या एसटीनं मी सुरगाण्याकडे निघतेय. तिथं सिस्टरांचं मुलींचं वसतिगृह आहे. एक वर्ष राहायचं, मुलींचा अभ्यास घ्यायचा, कोणी तापली तर दवाखान्यात न्यायचं, पडेल ते काम करायचं. पगार नाही. चर्चमध्ये याला 'देवासाठी एक वर्ष' म्हणतात. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी मला वेदीपाशी बोलावून सगळ्यांसमोर आशीर्वाद दिला. टाळ्या वाजल्या. तुझ्या शेजारी बसायची ती म्हातारी आठवतेय का, ती अजून आहे. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आईच्या प्रार्थना फळाला आल्या गं बाई." मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली असणार.

अर्जात एक प्रश्न होता, तुमच्या श्रद्धेचा प्रवास लिहा. आता काय लिहिणार? तू गेलीस तेव्हा मी सोळाची होते, आणि त्यानंतर अकरा वर्षं माझी श्रद्धा म्हणजे नाताळ, ईस्टर आणि मावशीला वाईट वाटू नये म्हणून अधूनमधून एखादा रविवार. अंबडच्या एका कंपनीत बिलं टाइप करते. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडताना आत कोणी नाही हे रोज नव्यानं कळतं. वाटलं, एक वर्ष प्रार्थना करणाऱ्या बायकांत राहिले तर फोडणीचा वास कपड्यांना लागतो तसं काहीतरी अंगाला लागेल. तयारीची दोन शिबिरं झाली. इतर पोरं डोळे मिटून रडायची, मी पंख्याकडे बघत बसायची. काही लागलं नाही, मम्मी. पण अर्ज तर भरायचा होता, मग खोटं बोल पण रेटून बोल. मी लिहिलं, माझी आई मुखात ख्रिस्तशरीर घेऊन शांतपणे गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि माझा विश्वास तिथून सुरू झाला. ते वाचून सिस्टर रडल्या. माझी निवड त्या एका वाक्यावर झाली. त्यातलं खरं काय ते फक्त आपल्या दोघींना ठाऊक, आणि तुझ्याशी तर मी कधी त्यावर बोललेच नाही.

गंगापूर रोडच्या कॉन्व्हेंटचं मागचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून वाटतात त्या पांढऱ्या गोल पापड्या, होस्ती, तू तिथं भाजायचीस. पलीकडच्या चुलीवर सिस्टरांची आमटी उकळतेय आणि तू आपली टेबलापाशी उभी, समोर तो विजेचा साचा, दोन जड लोखंडी पाटांचा, वरच्या पाटावर क्रूस कोरलेला. डावभर पातळ पीठ ओतायचं, साचा दाबायचा, फस्स करून वाफ निघते, आणि उघडलं की कागदासारखा पत्रा. ते पत्रे ओल्या फडक्यात ठेवायचे, दुसऱ्या दिवशी नळीनं गोल कापायचे. मधून उरलेली कातरण मी चहात बुडवून खायची. शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझी आई काय करते? मी ऐटीत सांगायची, देव बनवते. एकदा तू ते ऐकलंस आणि माझा कान असा पिळलास की दोन दिवस लाल होता. "देव फादरच्या प्रार्थनेनं उतरतो. मी निस्ती पापडी करती, ध्यानात ठेव."

मग तुझ्या पोटात ते दुखणं निघालं आणि शेवटच्या दोन महिन्यांत साचा माझ्या हाती आला. तू स्टुलावर बसून नुसती बघायचीस. पहिल्यांदा मी एकटीनं पीठ कालवलं तेव्हा चिमूटभर मीठ टाकलं. मुद्दाम नाही गं, हाताची सवय. पुऱ्यांचं असो, धिरड्याचं असो, पीठ म्हटलं की मीठ पडणारच. दुसऱ्या दिवशी सगळं गोल कापून झाल्यावर तू कातरणीचा तुकडा तोंडात टाकलास आणि तुझा चेहराच उतरला. "मीठ टाकलंस?" मी म्हटलं, एवढंसं तर आहे, कोणाला कळतंय. तू एवढी आजारी, पण आवाज काय चढला तुझा. "मला कळतंय ना! गहू आन् पाणी, बास. ह्यात आपली चव लावायची नाय." ती अख्खी खेप बाद झाली. अन्न टाकायचं नाही म्हणून तू ती स्टीलच्या डब्यात भरून घरी आणलीस. आपल्या शरणपूर रोडच्या खोलीत फळीवर, चहाच्या डब्याशेजारी तो डबा होता.

तो गुरुवार. तू सकाळपासून मागे लागली होतीस, "फादरला बोलव, मला कम्युनियन घेऊ दे, ख्रिस्तशरीर तोंडात पडू दे, आता लय दिस नाय राहिले." दुपारी मी चर्चवर गेले. ऑफिसला कुलूप. वॉचमन म्हणाला, सगळे फादर बाहेरगावी गेलेत, उद्या येतील. मी परत आले आणि दारातच थबकले. तू शेजारच्या काकूंकडून वेणी घालून घेतली होतीस, चादर बदलली होती, स्टुलावर पांढरा रुमाल, मेणबत्ती लावलेली, पाण्याचा ग्लास. सगळं फादर येणार म्हणून. काकू आपल्या घरी गेल्या होत्या. तू दाराकडे तोंड करून बसली होतीस. मला 'नाही' म्हणवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "फादर घाईत होते मम्मी, माझ्याजवळच दिली." कोणत्या फादरनं सोळा वर्षांच्या पोरीच्या हातात ख्रिस्तशरीर दिलं असतं? हे तुला माझ्याहून जास्त माहीत. तरी तू हात जोडलेस. मी तुझ्याकडे पाठ करून फळीवरचा डबा उघडला, एक होस्ती रुमालात घेतली, वळले आणि म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर. तू आमेन म्हणालीस. मी ती तुझ्या जिभेवर ठेवली.

तू लगेच गिळली नाहीस. तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं घसा दुखतोय, म्हणून मी पाणी पुढे केलं. तू घोट घेतलास, माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "मेणबत्ती विझव, उगं जळतीय. तू जेवलीस का?"

संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. तुझ्या उशाशीच होता तो. मोठे फादर होते, दौरा लवकर आटोपून परतले होते, वॉचमननं निरोप दिला होता. म्हणाले, "बेटा, आत्ता येऊ का? दहा मिनिटांत पोचतो." फक्त 'या' म्हणायचं होतं. पण ते आले की तू म्हणणार, दुपारी तर दिलीत की, आणि माझं बिंग फुटणार. मी म्हटलं, "नको फादर, तिला झोप लागलीय. उद्या या." तू जागी होतीस. डोळे उघडे होते. तू ऐकलंस सगळं. ते हो म्हणाले. उजाडताना तू गेलीस, फादर आठ वाजता आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी घेऊन आले आणि दारात चपलांची रांग बघून तिथंच उभे राहिले.

दफन झालं, लोक पांगले. दोन दिवस पोटात काही नव्हतं, म्हणून मी फळीवरचा तो डबा काढला आणि एक होस्ती तोंडात टाकली. खारट लागली. मीठ मला तोवर आठवलंच नव्हतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. तुला कातरणीच्या एका तुकड्यात कळलं होतं, मग त्या दिवशी कळलं नसेल? जिभेवर ठेवल्याक्षणी कळलं तुला. आणि संध्याकाळी फादर दहा मिनिटांवर होते तेव्हाही तू 'बोलव त्यांना' म्हणाली नाहीस. माझी लाज राखलीस आणि स्वतः उपाशी गेलीस. आपल्या दोघींची अळीमिळी गुपचिळी. कन्फेशनला गेले तर फादर पाच मिनिटांत क्षमा देतील, तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हण म्हणतील. पण ज्याच्या नावानं ते क्षमा देणार तो मला सापडत नाही, आणि जिनं द्यायला हवी ती तू. अकरा वर्षं मी तुझ्या त्या नजरेचा अर्थ लावतेय. कधी वाटतं माया होती, कधी वाटतं नुसती थकलेली होतीस. सुरगाण्याला जाऊन तो कळेल असं काही नाही. बॅग भरली आहे म्हणून जाणार.

काल कागद द्यायला कॉन्व्हेंटात सिस्टरांकडे गेले होते, त्या तू गेल्यानंतर इथं आलेल्या. त्या खूश होत्या. म्हणाल्या, "तिकडे होस्ती इथून एसटीनं पाठवतो, निम्म्या तुटून पोचतात. तुझ्या आईचा जुना साचा आहे अजून, घेऊन जा की. तुला येतात ना करायला?" साचा तिथंच होता, टेबलावर, फडक्याखाली. त्याच्या दांड्याला तू गुंडाळलेली चिंधी अजून तशीच आहे. मी म्हटलं, "नाही सिस्टर, मला नाही येत."

त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, आईनं शिकवलं नाही? हे पत्र मी कुठं ठेवणार, बहुतेक फाडून टाकीन, पण एवढं तुला सांगायलाच हवं. मी म्हटलं, नाही, तिनं कधी शिकवलंच नाही.