पाहुणचाराचं शरण

सांगली, २७ मे २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेली धपाटी एसटीतच संपली. निम्मी एकट्या रोहनने खाल्ली.

बुद्धपौर्णिमेला विहारात त्याने खणखणीत आवाजात त्रिशरण म्हटलं आणि जावई धम्मात आला, असं तू वस्तीभर सांगून टाकलंस. आत्या, तो धम्मात आलेला नाही. तो पक्का ख्रिस्ती आहे. पाहुण्याने गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून म्हणाला. मीही त्याच्या घरी जेवणाआधी आमेन म्हणते, त्याच्या आईला बरं वाटावं म्हणून. दया, क्षमा, खरं बोलणं दोन्हीकडे सारखंच ना? मग कशाला ताणायचं?

आई गेल्यापासून तूच माझी आई. तुझ्या होकाराशिवाय मी लग्न करणार नाही, पण मला ते फार जड जाईल.

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
दीपमाला

म्हसवड, २ जून २०२४

चि. दीपमाला हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता चहा उतू गेला. शेजारच्या केरूभाऊंनी जावयाच्या नावाने पेढे वाटले, ते आता परत मागू का?

खरं बोलणं दोन्हीकडे सारखं म्हणतेस आणि दोघंही एकमेकांच्या घरी खोटं बोलून आलात! शील जुळतं गं, शरण जुळत नाही. त्याचं जग देवाने घडवलं, आपलं कुणीच नाही. त्याची पापं दुसऱ्याने वाहिली. आपण केलेलं आपणच निस्तरायचं. मला खूश करायला जो बुद्धाला शरण जातो, तो उद्या आणखी कुणासाठी काय म्हणेल, याचा भरवसा काय? तूर्त माझा होकार मागे घेते. लिहिताना मलाही रडू आलं.

जेवत जा.
तुझी,
आत्या

सांगली, ९ जून २०२४

ती. आत्याबाईंस,
सप्रेम सलाम. आम्हा ख्रिस्ती लोकांत असंच लिहितात. जयभीम लिहिणार होतो, पण पुन्हा खूश करतोय असं वाटलं असतं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. नकाराच्या भीतीने मी ते म्हटलं, चूक माझी. माझं शरण प्रभू येशूच. ते मी दीपमालासाठीही बदलणार नाही आणि तिने तिचं बदलावं, असंही म्हणणार नाही. तिच्या बाप्तिस्म्याशिवाय चर्चमध्ये लग्न लागणार नाही, असं पाळक म्हणाले. मी म्हटलं, मग नोंदणी करू. आई दोन दिवस धुसफुसत होती. यापुढे आमेन म्हणणार नाही, हे दीपमालाने सांगितल्यावर मात्र हसली. हिचं आमेन प्रार्थना संपायच्या आधीच यायचं, तेव्हाच कळलं होतं म्हणाली.

आता खरं सांगून पुन्हा विचारतो. काय ते कळवावं.
आपला,
रोहन

म्हसवड, १५ जून २०२४

चि. रोहनरावांस,
सप्रेम जयभीम. हे माझं, तुम्ही सलामच लिहा.

धर्म जुळतात का, यावर माझं उत्तर अजूनही ‘नाही’ असंच आहे. तरी वस्तीत घरोघर जाऊन सांगून आले, की जावई ख्रिस्ती आहे आणि ख्रिस्तीच राहणार. मग पोरगी कशी देता, असं केरूभाऊंनी विचारलं. मी म्हटलं, आवं, खोटं बोलला तवा न्हाई म्हटलं. आता खरं बोलला, तर कसं न्हाई म्हनू?

नोंदणीला तीन साक्षीदार लागतात म्हणे. पहिली सही माझी.

तुमची,
आक्काताई आत्या