तुरीच्या रानातली धावपट्टी

४ मार्च
सेलूला उतरले. अप्पा स्टेशनवर हजर. ‘सुट्टी हाय’ म्हणून थाप मारली.
खरं इथंच लिहिते. परवा फ्लाइंग स्कूलमध्ये एकटीच विमान धावपट्टीकडं नेत होते. टॉवर म्हणाला, धावपट्टीच्या आधी थांब. मी तेच शब्द बरोब्बर परत म्हणून दाखवले, अन् नकाशात डोकं घालून पुढं गेले. वाटलं, वळण अजून यायचंय. ते मागंच राहिलं होतं. थांबायची पिवळी रेघ ओलांडली. उतरायला आलेलं विमान ऐनवेळी पुन्हा वर उचलावं लागलं.
सर ओरडले नाहीत, तेच वाईट. “घरी जा. अठराला ये. नुसतं जमिनीवर चालवून दाखव. मग बघू.”

५ मार्च
गावानं सत्कार ठेवला! शाल, नारळ, माइक. कुणीतरी विचारलं, “ताई, उडवायला लय अवघड असतंय का?”
“उडवणं सोपं. जमिनीवर चालवणं अवघड.”
सगळे खो खो हसले. अप्पा सगळ्यात जास्त.

६ मार्च
सकाळी अप्पांना सांगून टाकलं.
“वाट चुकलीस? ढगात?”
“न्हाई. जमिनीवर.”
“पाट्या नसतात का तिथं?”
“असतात.”
“मग?”
चहा निवला. शेवटी अप्पा उठले. “तुरीचं रान मोकळं हाय. चल.”

७ मार्च
चुन्याच्या फक्कीनं धावपट्टी, वळणं, थांबायच्या रेघा आखल्या. विमान म्हणजे स्कूटी. टॉवर म्हणजे बांधावर बाज टाकून, मोबाइल घेऊन अप्पा. आई म्हणते, बापलेकीला ऊन लागलंय.

८ मार्च
अप्पांना टॉवर चढलाय. मला रेघेवर थांबवलं अन् दुसरा फोन घेतला. कापसाच्या भावावर गप्पा. मी उन्हात इंजिन चालू ठेवून उभी. हात हलवला तर म्हणाले, “परवानगीशिवाय हलू नको!”

१० मार्च
आज मी उतरणारं विमान. स्कूटी फुल्ल. थोरले काका ट्रॅक्टर घेऊन सरळ धावपट्टीत!
अप्पा बाजेवर उभे राहून, “दादा, थांबा! पोरगी उतरायलीय!”
“माझ्या रानात जायला तुझी परवानगी रे?”
मी धसकटांत. गुडघा सोलला. काका धावत आले, तोंड पांढरं. “मला वाटलं, तू लांब हायस.”
मी ओरडायला तोंड उघडलं, अन् मिटलं. त्या दिवशी वर उचललेल्या विमानात कोण होतं, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.
दुपारी चौकशी करून फोन लावला. पुढच्या बॅचची मुलगी. माफी मागितली. म्हणाली, “उतरताना अजून धावपट्टी दोन-दोनदा बघते गं.”

११ मार्च
काका आज रेघेवर थांबले. ट्रॅक्टर बंद करून, खाली उतरून, हात जोडून. अप्पांनी मुद्दाम ताटकळत ठेवलं. दोघं बोलत नाहीत.

१८ मार्च
झालं. सर शेजारी. टॉवरनं वाट सांगितली, मी परत म्हटली, निघाले. एका फाट्यावर शंका आली. बहुतेक डावीकडं. बहुतेक! ब्रेक. “वाट पुन्हा सांगा.” मागं विमानांची रांग. रेडिओवर कुणीतरी खाकरलं. टॉवरनं पुन्हा सांगितलं. डावीकडंच होतं.
इंजिन बंद केल्यावर सर म्हणाले, “माहीत होतं ना?”
“वाटत होतं सर. माहीत नव्हतं.”
“हं.” अन् उतरून गेले.
अप्पांचा फोन. “सर काय म्हणले?”
“हं म्हणले.”
“कसं हं? चांगलं का वाईट?”
मी आधी वाईट, मग चांगलं, दोन्ही करून दाखवलं.
मग, “ते दुसरं परत एकदा कर बरं.”